कोरड्या उन्हाळ्यातील पालवीचे गुपित

एप्रिलच्या मध्यावर पुण्यातील पारा चाळिशीकडे सरकू लागतो. परतीचा पाऊस जाऊन सहा महिने झालेले असतात आणि गच्चीवरील कुंडीतील रोपे दुपारपर्यंत माना टाकतात. नेमक्या याच काळात रस्त्याकडेचा पिंपळ तांबूस, तुकतुकीत पानांनी भरून जातो, करंजाला पोपटी पालवी फुटते आणि बहाव्यावर पिवळे घोस लोंबू लागतात. पाण्याची सर्वाधिक चणचण असताना झाडांना हा बहर परवडतो कसा?

याचे उत्तर आधीच्या पानगळीत दडलेले आहे. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून झाडातील पाणी बाष्परूपाने सतत बाहेर पडत असते. जमिनीतील ओल घटू लागली, की पानझडी वृक्ष पाने गाळून हा खर्च थांबवतात. मग खोलवरच्या मुळांनी आणलेले पाणी खोडात साठत जाते. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात व पुढे दिवस मोठा होत जातो. अनेक वृक्षांना पालवीसाठी एवढा इशारा पुरेसा असतो. यात त्यांचा लाभच आहे. कोरड्या हवेत पाने खाणारे कीटक कमी असतात आणि पाऊस येईपर्यंत नवी पाने अन्ननिर्मितीसाठी सज्ज होतात. कोशिंबाच्या कोवळ्या पानांचा लाल रंग हे त्यांचे उन्हापासूनचे कवच होय.

पळस, पांगारा आणि काटेसावर त्याआधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुधा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. पाने नसल्याने ही लाल-केशरी फुले दुरूनही नजरेत भरतात. त्यांतील मधुरसासाठी मैना, बुलबुल आणि शिंजीर येतात व जाता जाता परागीभवनाचे काम करतात.

शहरात बिघडते कुठे?

वैशाखातील ही हिरवाई मागील पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या पाण्यावर पोसलेली असते. शहरात मात्र पदपथाचे काँक्रीट थेट बुंध्याला भिडवले जाते. त्यामुळे ना पाणी मुरते, ना मुळांना हवा मिळते. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर अंतरातील काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिला होता. दुसरा घाव पाचोळ्यावर पडतो. मातीवर पडलेली पाने ओल धरून ठेवतात आणि कुजून खत होतात. आपण मात्र ती झाडून पेटवून देतो. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंड आकारण्याचे लवादाने २०१६मध्ये सांगितले. तरीही सकाळी गल्लोगल्ली धूर दिसतोच.

कुंडीचे गणित वेगळे

कुंडीतील रोपाला खोल मुळांचा आधार नसतो. त्याची सारी भिस्त मूठभर मातीवर असते. म्हणून जो पाचोळा आपण जाळतो, त्याचाच दोन-तीन बोटे जाडीचा थर कुंडीत पसरावा. माती तापत नाही व बाष्पीभवन घटते. मात्र हा थर खोडाला चिकटू देऊ नये. पाणी सकाळी लवकर द्यावे. माती बोटाने चाचपून ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये, कारण सतत चिंब मातीत मुळे कुजतात. कडक उन्हात कुंडी बदलणे वा कोरड्या मातीत रासायनिक खत घालणे टाळावे. मोगरा याच दिवसांत फुलतो. त्याला ऊन हवेच, पण पाण्याची हयगय चालत नाही. जवळच पाण्याचे उथळ मातीचे भांडे ठेवून ते रोज घासून भरले, तर बुलबुल आणि चिमण्या हमखास येतात.

सोसायटीच्या आवारातील झाडांचे बुंधे मात्र जूनपूर्वीच पाहून घ्यावेत. तेथील काँक्रीट संबंधितांकडून मोकळे करून घेऊन आळे केले, तर यंदाचा पाऊस मुळांपर्यंत पोहोचेल. पुढल्या चैत्रातील पालवी त्याच पाण्यावर अवलंबून आहे.