कातळावरील शिवसुमन

आमच्या खराडीत जमीन चार हात खणली की कुदळीस काळा दगड लागतो. आमच्या घरांचे पाये त्याचे, रस्त्यांवरील खडी त्याची, आणि आमच्या आजीच्या पाट्या-वरवंट्यासही त्यानेच जन्म दिला. पलीकडे वाघोलीकडे या दगडाच्या खाणी असून तेथील धूळ वारा आमच्यापर्यंत पोहोचवितो, हे वाचकांस सांगावयास नको. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वारंवार बाहेर आला, थरावर थर बसून निवाला, आणि त्याचाच हा दख्खनचा कातळ झाला. सह्याद्रीतील गडांचे ताशीव कडे म्हणजे याच थरांच्या उघड्या पडलेल्या कडा होत.

अशा कड्यावर रोप जगावे तरी कसे? माती चिमूटभर; पाऊस चार महिने, तोही पडताक्षणी खाली वाहून जाणारा; पुढे आठ महिने तव्यासारखा तापलेला दगड. असे असूनही या कातळावरच जिने आपले बिऱ्हाड थाटले आहे, आणि महाराष्ट्रातील मोजक्या डोंगरांखेरीज जगात जी स्वभावतः कोठेही उगवत नाही, अशा एका वनस्पतीची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देऊ इच्छितो. जुन्नरकडील लोक तीस शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीच्या कड्यांवर ती आढळते म्हणून तीस शिवसुमन हे गोड नाव मिळाले. पुरंदर, वज्रगड व सज्जनगड येथेही ती आहे. शिवरायांचे जन्मस्थान, संभाजीराजांचे जन्मस्थान व समर्थांचे समाधिस्थान, अशी तिन्ही स्थळे या फुलाने निवडावीत, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. खरे कारण अर्थात तेथील उभे कडे हेच होय.

शास्त्रज्ञांच्या जगात ही वनस्पती प्रथम आणली ती डॅलझेल यांनी. ते मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे अधिकारी असून, १८६१ साली गिब्सन यांच्यासह त्यांनी या इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. सर बार्टल फ्रेअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या सन्मानार्थ डॅलझेल यांनी हिचे नाव फ्रेरिया इंडिका असे ठेविले. अलीकडील काही शास्त्रज्ञ तीस बुसेरोसिया या दुसऱ्या गणात घालतात. म्हणजे गव्हर्नरसाहेबांचे नाव पुढून मागे सरकले, एवढेच!

ही रुईच्या कुळातील. आपल्या माळरानावरील माकडशिंग तिची जवळची आप्त. या गोतावळ्यातील बहुतेक झाडे पर्णहीन, नुसत्या मांसल कांड्यांची. शिवसुमनाचे खोडही तसेच मांसल, करड्या-हिरव्या रंगाचे व कड्यावरून लोंबणारे. परंतु पावसाळा आला की त्यास चांगली रुंद पाने फुटतात आणि कोरडे दिवस लागताच ती गळून पडतात. यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष असे की, पान व खोड यांची जगण्याची रीतच निराळी आहे. झाडे आपल्या सूक्ष्म रंध्रांतून हवेतील कर्बाम्ल वायू आत घेतात व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनवितात. परंतु दिवसा रंध्रे उघडली की आतील ओलही वाफ होऊन निघून जाते. शिवसुमनाची पाने इतर झाडांप्रमाणे दिवसाच रंध्रे उघडतात, कारण पावसाळ्यात पाण्याची चिंता नसते. खोड मात्र रात्रीच्या गारव्यात वायू आत घेते, आम्लाच्या रूपाने त्याचा साठा करते, आणि दिवसा दारे लावून त्याच साठ्यावर आपला स्वयंपाक करते. उन्हाळ्यात शहाणा गृहस्थ बाजारहाट उन्हे उतरल्यावर उरकतो, त्यातलाच हा प्रकार. एकाच झाडाचे हे दोन संसार लांगे व झूबर या जर्मन संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले.

फूल रुपयाएवढे, पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे, गर्द तांबडे व त्यावर पिवळे ठिपके. दिसावयास मोहक, वासाचे मात्र नाव काढू नये! तो वास आपल्यासाठी नव्हेच, माश्यांसाठी आहे. माशी फुलावर बसली म्हणजे परागांची चिमुकली पुडी तिच्या अंगास चिकटते व पुढच्या फुलास पोहोचते. मग जोडशेंगा धरतात, आणि त्या तडकल्या की रेशमी शेंड्यांचे बी, मुले जीस म्हातारी म्हणतात तसे, वाऱ्यावर निघते. त्यातील एखादेच कड्याच्या भेगेत अडकेल तेव्हा नवे रोप.

गतवर्षी पावसाळा सरता सरता आम्ही काही विद्यार्थ्यांसह शिवनेरीस गेलो होतो. दुर्बिणीतून कड्यावरचे ते तांबडे तारे पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, याची फांदी लावली तर जगते ना? मग एक तोडून नेली तर काय बिघडले?" प्रश्न बिनतोड होता. फांदी सहज जगते, हे खरेच. परदेशांतील हौशी लोकही हिला कुंडीत वाढवितात. आमच्या खराडीपासून नदीपलीकडे मुंढव्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याची प्रायोगिक बाग आहे, व दुर्मिळ झाडे जतन करणे हेच तिचे एक काम आहे. आम्ही त्यास म्हटले, "एका झाडाच्या शंभर फांद्या लाविल्यास, तरी ते एकाच झाडाचे शंभर तुकडे. बियांपासून होणारे प्रत्येक रोप निराळे. कोणी अधिक उन्हास टिकेल, कोणी रोगास. ते बी धरावयास कड्यावर दुसरे झाड हवे, तिसरे हवे आणि मध्ये माशी हवी. हाताशी येणारी फांदी प्रत्येक प्रवाशाने एकेक नेली, तर माशीने जावे कोणाकडे?" तो काही काळ गप्प राहिला; मग म्हणाला, "पण कुंडीतले झाड तर मरणार नाही." आम्ही कबूल केले की, मरणार नाही.

चैत्रात गडावर जाणाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. त्या दिवसांत शिवसुमनास पान नसते. करड्या, सुरकुतलेल्या कांड्या दगडावरून लोंबत असतात व त्या पाहून झाड वाळून गेले असेच वाटते. शेजारच्या सुक्या गवतास आग लागली तर त्याही भाजून निघतात. त्या कांड्या वाळलेल्या नसतात. दारे लावून मृगाची वाट पाहत असतात.