ज्युरी गेली, जनमत राहिले
न्यायालय आणि जनमत : लेखांक ४

देवळाली कॅम्पमध्ये पारशांची सॅनेटोरियम आहेत आणि फाळणीनंतर येऊन स्थिरावलेली सिंधी कुटुंबेही आहेत. इथे शेजारी म्हणून नांदणारे हे दोन समाज १९५९ साली मुंबईत एका खटल्यापायी समोरासमोर आले. २७ एप्रिल रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला त्याच्याच घरात गोळ्या घातल्या. नानावटी पारशी, आहुजा सिंधी. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीश मेहतांना हा कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वृत्तपत्रांनी ज्युरीला भारून टाकले, म्हणून ज्युरी रद्द झाली आणि प्रश्न मिटला, असे तेव्हापासून सांगितले जाते. प्रश्न मिटलेला नाही, हे या लेखात मांडायचे आहे.

रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगतात. एकीकडे देशरक्षक अधिकारी, दुसरीकडे चैनी श्रीमंत, अशी मांडणी एकदा झाली की खोटी बातमी छापावी लागत नाही. आहुजाच्या कमरेच्या टॉवेलचेच पाहा. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिलाच नसता, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. खटल्यातला इतका मोलाचा पुरावा, पण रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातले ‘नानावटी पिस्तूल’ विकत होते. ज्याच्या मरणाची थट्टा होते, त्याच्यासाठी न्याय मागायला कोण पुढे येणार?

यावर आक्षेप असा की, ज्युरीतल्या किती जणांवर वृत्तपत्रांचा परिणाम झाला हे कुणीच सिद्ध केलेले नाही. आक्षेप रास्त आहे. ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातच चुका होत्या, असे वरिष्ठ न्यायालयांनी नोंदवले आहे. शिवाय ज्युरी बंद करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे या खुनाच्या आधी, केली होती. पण यातून माझा मुद्दा बळकटच होतो. नानावटी शेवटी सुटले ते ज्युरीमुळे नव्हेच. उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली आणि नानावटी नौदलाच्या ताब्यात राहिले. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली, आणि दोन्ही समाजांचा तोल सांभाळला गेला. कोर्टात न टिकलेले जनमत राजभवनात टिकले. जनमताला बळी पडतात ती केवळ ज्युरीतली सामान्य माणसे नव्हेत. मतांची आणि समाजाच्या रोषाची काळजी असलेले सरकारही त्याला बळी पडते, आणि सरकार तर कायमचेच आहे.

मग वृत्तपत्रांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा माध्यमांनी सुरुवातीला दाखवलेली उदासीनता हाच अन्याय होता. तिथे जात सांगणे आवश्यक होते, कारण जात हा गुन्ह्याच्या वास्तवाचा भाग होता. तपास का होत नाही, हे विचारणे पत्रकारितेचे कर्तव्यच आहे. गुन्हा कुणी केला हे परस्पर ठरवणे मात्र तिचे काम नव्हे. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात २००६ च्या स्फोटांनंतर मुस्लिम तरुण पकडले गेले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २००८ च्या स्फोटात हिंदू आरोपी होते, तेही २०२५ मध्ये निर्दोष सुटले. दोन्ही वेळा अटकेपाठोपाठ दहशतवादाला धर्माचा रंग दिला गेला, एकेक समाज वर्षानुवर्षे संशयाखाली राहिला, आणि ज्यांची माणसे गेली त्यांना उत्तर मिळालेच नाही.

म्हणून वाचकांनी प्रत्येक बातमीला दोन प्रश्न विचारावेत. इथे जात किंवा धर्म सांगितला आहे तो पुराव्याशी जोडलेला आहे की नुसत्या संशयाशी? आणि अटकेची बातमी पहिल्या पानावर छापणारे वृत्तपत्र सुटकेची बातमी कुठे छापते? ज्युरी बंद करणे संसदेच्या हातात होते. जनमत शहाणे करणे आपल्याच हातात आहे, आणि ते काम कुठल्याही कायद्यावर सोपवता येणार नाही.