दुष्काळात मुळांचा खर्च

पारनेर, कर्जत, जामखेडकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की पुढे बहुतेक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. त्यामुळे दुष्काळाची चर्चा पाण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मूळ मात्र नुसते पाणी ओढत नाही, ते श्वसनही करते. पानांनी केलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने जाळून ते वाढीला, अन्नद्रव्ये उचलायला आणि पेशींच्या डागडुजीला लागणारी ऊर्जा मिळवते. पिकागणिक रोजच्या साखरेचा 10 टक्क्यांपासून थेट निम्म्यापर्यंतचा वाटा यात जातो. ओल तुटली की मुळांची वाढ मंदावते, श्वसनही उतरते. मग बचतच झाली की, असे कुणी म्हणेल. पण पर्णरंध्रे मिटली की साखरेची आवक श्वसनापेक्षा झपाट्याने घसरते आणि डागडुजी काही टळत नाही. त्यात उघडे रान तापते. तापमान 10 अंशांनी चढले तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो (पुढे मुळे थोडे जुळवून घेतात, तेवढाच दिलासा). कणसात दाणा भरायला मग उरणार काय?

म्हणूनच ‘मुळे जितकी जास्त तितके पीक काटक’ हा समज मला अपुरा वाटतो. अमेरिकेत जोनाथन लिंच आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मक्यावर दाखवले, की मुळांच्या सालीत हवेच्या पोकळ्या जास्त असलेल्या वाणांत श्वसन कमी होते आणि पाणी तोडलेल्या शेतात त्यांचे उत्पादन इतरांच्या सुमारे आठपट आले. मक्याचे आकडे ज्वारीला लावता येणार नाहीत, हे उघड आहे. पण खोल जाणारे आणि स्वस्तात पोसले जाणारे मूळ हवे, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. खाली मुरूम असलेल्या हलक्या रानात तर खोलीलाही अर्थ नाही. तिथे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले अनुराधा’सारखा लवकर येणारा वाण बरा, कारण मुळे पोसण्याचे दिवसच कमी होतात.

ओल टिकवायला पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने जमिनीच्या भेगा बुजवल्या तर मुळांची हवा तुटेल, ही शंकाही निराधार आहे. कोरड्या मातीत हवेला तोटा नसतो. मुळे गुदमरतात ती उलट भारी जमिनीत एकदम लोटपाट पाणी दिल्यावर, वाफसा येईपर्यंत. संरक्षित पाणी हलके द्यायचे ते यासाठी. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखाली पाणथळ झालेल्या उसाच्या रानांत तर हा गुदमर दुष्काळाची वाट पाहत नाही.