सहा सेकंदांचं पाणी

दीडशे किलोमीटरपलीकडचं विमान जिला दिसतं, एकाच वेळी शंभरावर लक्ष्यांचा माग जी ठेवते, त्या युद्धनौकेला स्वतःच्या कुशीला टेकलेली होडी ओळखता येऊ नये? १२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनमधल्या एडनच्या बंदरात नेमकं हेच झालं.

यूएसएस कोल ही अमेरिकी नौदलाची विनाशिका. लांबी १५४ मीटर. क्षेपणास्त्रं, तोफ, पाणतीर, सगळा जामानिमा. आखाताकडे जाताना वाटेत तेल भरायला ती एडनला थांबली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास दोर बांधले, तासाभरानं तेल घ्यायला सुरुवात झाली. कचरा नेणाऱ्या होड्या बोलावलेल्या होत्याच. अकरा वाजून गेले, दुपारच्या जेवणाची रांग लागली. तेवढ्यात फायबरग्लासची एक लहान होडी आली. आत दोघे जण, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. त्यांनी डेकवरच्यांना हात केला. होडी नौकेच्या डाव्या अंगाला येऊन लागली आणि ११ वाजून १८ मिनिटांनी तिचा स्फोट झाला. पोलादी कुशीला सुमारे १२ बाय १८ मीटरचं भगदाड पडलं. भटारखाना आणि जेवणघर त्याच बाजूला होतं. १७ नौसैनिक गेले, तिसाहून जास्त जखमी झाले.

याहून थक्क करणारी गोष्ट नंतरच्या तपासात उघडकीला आली. त्याच वर्षी ३ जानेवारीला, त्याच बंदरात, यूएसएस द सलिव्हन्स या नौकेवर असाच घाला घालण्याचा बेत होता. होडी पाण्यात सोडली, पण स्फोटकांच्या वजनानं ती बुडाली. द सलिव्हन्स काम आटोपून निघून गेली. आपण कशातून वाचलो, याचा तिच्यावर कुणाला पत्ताही नव्हता.

मग कोलचं रडार काय करत होतं? सुरुवातीच्या या प्रश्नाचं उत्तर बंदराच्या स्वभावातच आहे. खुल्या समुद्रात अनोळखी काही जवळ येऊ लागलं की शंका घ्यायची, हा सरळ हिशोब असतो. बंदरात तो कोलमडतो. टगबोट येते, पायलटची लाँच येते, पाणी, भाजी, कचरा, सगळ्यांच्या होड्या येतात, आणि त्या अगदी चिकटूनच उभ्या राहतात. एरवी वेग हे नौकेचं मोठं शस्त्र. धक्क्याला बांधल्यावर तेच हातातून जातं. त्यात तेलाची नळी जोडलेली असेल तर चटकन निघायचंही नाव नको. रडार होडी दाखवील. होडीतल्याच्या मनात काय आहे, ते कोणत्या पडद्यावर दिसणार?

म्हणून बंदरातल्या नौकेची सुरक्षा मुळात अंतराचा हिशोब आहे. स्फोटाचा दाब अंतर वाढलं की झपाट्यानं उतरतो, हे एक कारण. पण मला त्याहून विलक्षण वाटतं ते दुसरं कारण: अंतर म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेनं आपल्या किनाऱ्यावर नियम केला, की नौदलाच्या मोठ्या नौकेपासून ५०० यार्डांच्या आत आलेल्या होडीनं वेग अगदी कमी करायचा आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय शिरायचंच नाही. गणित करून बघा. ३० नॉट वेगाची होडी सेकंदाला साधारण १५ मीटर कापते. ५०० यार्ड म्हणजे ४५७ मीटर. हाती तीस सेकंद. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, सहा सेकंद. रेलिंगपाशी उभ्या असलेल्या, कदाचित विशीतल्या पहारेकऱ्यानं एवढ्यात ठरवायचं, की समोरचा वाट चुकलेला मच्छीमार आहे, बेफिकीर पर्यटक आहे, की मारेकरी.

हे सहा सेकंद त्याच्यावर येऊच नयेत, म्हणून बाकीची मांडणी. बाहेरच्या कड्यात गस्तीची बोट, जी जाऊन आडवी येते. मग हटकणं: कर्ण्यावरून, स्थानिक भाषेतसुद्धा. मग दिवे, शिट्ट्या, इशाऱ्याचे बार. कोलच्या घटनेनंतर या शिडीत एक नवी पायरी आली. एलआरॅड नावाचा हा ध्वनिवर्धक आवाजाचा झोत काही शे मीटरवरच्या होडीवर रोखतो. त्यातून शब्द स्पष्ट ऐकू जातात आणि सोसवणार नाही असा कर्कश सूरही सोडता येतो. इतकं ऐकूनही जो वळत नाही, त्यानं आपला हेतू स्वतःच सांगून टाकलेला असतो. प्रत्येक पायरीवर निरपराध माणूस गळत जातो, ही या शिडीतली खरी हुशारी.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण ती लष्करी शिस्तीच्या अगदी उलट आहे: मुद्दाम अनियमित वागणं. पहाऱ्याची वेळ बदला, गस्तीचा मार्ग बदला, आज होड्या तपासा, उद्या पिशव्या. घाला घालणारा आधी बरेच दिवस टेहळणी करतो. त्याच्या वहीत कोणतंच वेळापत्रक बसू द्यायचं नाही.

कागदावर कोलकडेही पुष्कळ होतं. तिला तेव्हा लागू असलेल्या सावधगिरीच्या पातळीसाठी ६२ उपाय ठरलेले होते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे केलेच नव्हते, असं नौदलाच्या चौकशीत आढळलं. तरी कमांडर कर्क लिपोल्ड यांना शिक्षा झाली नाही. सगळे उपाय केले असते तरी हा घाला टळलाच असता असं नाही, असं वरिष्ठांचं मत पडलं. मला ते अर्धंच पटतं. बोलावलेल्या होड्या कोणत्या आणि किती, याची यादी पहारेकऱ्याच्या हातात असायला काही दारूगोळा लागत नाही. मात्र पुढचे तीन दिवस त्याच खलाशांनी जे केलं त्याला तोड नाही. वीज गेली, पंप बंद पडले, तेव्हा रांग करून बादल्यांनी पाणी उपसत त्यांनी नौका तरती ठेवली. ब्लू मार्लिन या महाकाय मालवाहू जहाजाच्या पाठीवर बसून ती मायदेशी गेली आणि २००२ मध्ये पुन्हा सेवेत आली.

हे झालं पाण्यावरचं. पाण्याखालून येणाऱ्याला हटकायचं कसं? १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे इटलीचे सहा पाणबुडे तीन पाणतीरवजा वाहनांवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. ब्रिटिशांनी तोंडाशी जाळं लावलं होतं, पण आपल्याच विनाशिका आत घ्यायला ते उघडलं होतं. क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट या दोन बड्या युद्धनौका सकाळपर्यंत तळाला बसल्या. आज यासाठी सोनार आहेत, तळ चाचपणारे पाणबुडे आहेत. आणि अमेरिकी नौदलाकडे चक्क समुद्रसिंह आहेत! सॅन डिएगोत डॉल्फिन आणि कॅलिफोर्नियाचे समुद्रसिंह या कामासाठी शिकवले जातात. अंधूक पाण्यातही समुद्रसिंहाला चांगलं दिसतं आणि आवाज कोणत्या दिशेनं आला ते अचूक कळतं. घुसखोर सापडला की तोंडात धरलेला चिमटा तो त्याच्या पायाला अडकवतो आणि निसटतो. चिमट्याला बांधलेली दोरी वर बोटीवरची माणसं ओढून घेतात. डॉल्फिनांनी १९७०-७१ मध्ये व्हिएतनामच्या कॅम रान्ह उपसागरात पहारा केला होता.

आपल्याकडे बंदराच्या गर्दीतली होडी ओळखण्याचा हा प्रश्न मुंबईइतका कुठेच अवघड नसेल. गेटवेवरून घारापुरीची लाँच सुटली की डाव्या हाताला नौदलाची गोदी दिसते. राखाडी युद्धनौका, आणि त्याच पाण्यात मांडव्याच्या फेऱ्या, बार्ज, कोळ्यांच्या होड्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमारनगरात उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळी लोकांनी. कोण तुम्ही, कुठून आलात? उत्तर उर्मट मिळालं आणि ते दहा जण शहरात पांगले. पुढे २००९ मध्ये नौदलानं आपल्या तळांच्या रखवालीसाठी सागर प्रहरी बल उभारलं आणि त्याला वेगवान बोटी दिल्या. ‘सागर कवच’ सरावात आपलेच जवान घुसखोर होऊन किनाऱ्यावर उतरू पाहतात आणि पोलीस, तटरक्षक दल, मच्छीमार यांच्या नजरेला किती पडतात ते तपासलं जातं.

२० मीटरहून लांब होड्यांना आपली ओळख आपोआप प्रसारित करणारं यंत्र सक्तीचं झालं, पण आपल्या बहुतेक मासेमारी होड्या त्याहून लहान. त्यांचं काय, याचं उत्तर उशिरा येऊ लागलं आहे. इस्रोनं विकसित केलेले एक लाख ट्रान्सपाँडर यांत्रिक होड्यांवर बसवायच्या योजनेची सुरुवात ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला झाली. मच्छीमाराला त्यावर वादळाचा इशारा मिळतो, संकटात निरोप पाठवता येतो. त्याच्या दृष्टीनं ते त्यासाठीच आहे. पहाऱ्यावरच्या माणसाला त्याचा उपयोग वेगळाच: पडद्यावर ज्या होड्या आपलं नाव सांगतात त्या बाजूला ठेवायच्या आणि गप्प राहणाऱ्या एकीकडे गस्तीची बोट पाठवायची, हातात सहा सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ असताना.