अर्ध्या तासाची घोडेस्वारी: कोणी बसावे, कोणी टाळावे आणि पडल्यास काय करावे

शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून मावळात येणाऱ्या कुटुंबांच्या बेतात घोड्यावरची एक फेरी असतेच. लोणावळा-खंडाळ्याला ती जुनीच आहे. तळेगाव-इंदुरी भागात घोडेस्वारी शिकवणारी केंद्रे आहेत, आणि टाकवे बुद्रुकच्या बाजूला आंदर मावळात मुक्कामाला येणारी मंडळीही घोड्याची चौकशी करतात. मग दवाखान्यात प्रश्न येतात: "बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांना बसवू का?" "मला चौथा महिना आहे, हळूच चालवला तर?" "मुलगा चार वर्षांचा आहे, पुढ्यात घेऊ का?"

बहुतेक निरोगी माणसांना अशी फेरी आनंदाने करता येते. मात्र "बसता येईल का?" एवढेच विचारून भागत नाही. घोडेवाला हात देऊन जवळजवळ कोणालाही बसवतो. विचारायचे ते असे: "हा माणूस वरून पडला, तर त्याच्या शरीराचे काय होईल?" या प्रश्नाचे उत्तर घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे असते.

थोडक्यात महत्त्वाचे

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी घोड्यावर बसू नये.
- गोळ्या बंद करून बसणे हा उपाय नाही. ते जास्त धोक्याचे आहे.
- हेल्मेट आणि बंद बूट नसतील तर फेरी रद्द करावी.
- डोक्यावर पडल्यास, माणूस ठीक दिसत असला तरी, निदान २४ तास लक्ष ठेवावे.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस डोक्यावर पडला, तर त्रास होण्याची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

फेरी छोटी, उंची तेवढीच

घोड्याची उंची खांद्यापाशी मोजतात. पर्यटनस्थळांवरच्या लहान चणीच्या घोड्याची उंची साधारण सव्वाचार-साडेचार फूट, तर मोठ्या घोड्याची पाच फुटांच्या पुढे असते. त्यावर बसल्यावर तुमचे डोके जमिनीपासून सात ते आठ फुटांवर जाते. फेरी दहा मिनिटांची असो की दोन तासांची, पडण्याची उंची बदलत नाही.

लगाम धरून पुढे चालणारा माणूस असल्याने धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. घोडा स्वभावाने भित्रा प्राणी आहे. अचानक उघडलेली छत्री, वाऱ्यावर फडफडणारा प्लास्टिकचा रेनकोट, मागून आलेला हॉर्न किंवा भुंकणारे कुत्रे यांमुळे तो क्षणात बाजूला उडी मारतो. घोडेवाल्याच्या हातात घोड्याचे तोंड असते, तुमचा तोल नसतो. पावसाळ्यात मावळात गर्दी सर्वाधिक असते. चिखल, छत्र्या आणि गाड्यांची कोंडी या तिन्ही गोष्टी तेव्हाच एकत्र येतात.

वरातीतली घोडीही याच प्रकारात मोडते. डोक्याला मुंडावळ्या, पुढ्यात लहान भाचा, समोर बँड आणि फटाके. फेरी छोटी आणि धरणारा माणूस सोबत असला, तरी घोडी बिथरायला लागणारे सगळे तिथे हजर असते. निदान फटाके घोडीपासून लांब ठेवावेत आणि लहान मुलाला पुढ्यात बसवू नये.

मेहनत किती होते?

घोडा संथ चालत असताना बसणाऱ्याला होणारी मेहनत साधारण भरभर चालण्याइतकी असते. घोडा दुडक्या चालीने निघाला की ती दीडपट होते. मांड्या, पोट आणि कंबर यांचे स्नायू तोल सांभाळायला सतत काम करत असतात. घरी एक सोपी चाचणी करता येते. न थांबता दोन जिने चढल्यावर छातीत दुखत असेल किंवा वाजवीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर घोड्यावर बसू नका आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

कोणी बसू नये?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे. वॉरफेरिन, असिट्रोम, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन यांपैकी गोळी चालू असेल, तर साध्या पडण्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर घेणाऱ्यांनीही बसू नये. "दोन दिवस गोळी बंद ठेवतो आणि बसतो" असे कोणी म्हणाले, तर त्यांना थांबवा. गोळी चुकली की स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. घोड्याच्या फेरीसाठी असा धोका कोणीही पत्करू नये.

गरोदर स्त्रिया. कोणताही महिना चालू असला तरी टाळावे. पडल्यावर किंवा पोटाला जोराचा धक्का बसल्यावर वार गर्भाशयापासून सुटू शकते आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. घोडा हळू चालवल्याने हा धोका जात नाही.

ठिसूळ हाडांचे रुग्ण. पाळी गेलेल्या स्त्रिया, सत्तरीपुढचे पुरुष आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांच्यात हाडे ठिसूळ असण्याची शक्यता जास्त. अशा रुग्णांमध्ये पाठीचा मणका केवळ जोराच्या गचक्यानेही दबू शकतो आणि पडल्यास खुबा मोडू शकतो.

फिट येणारे रुग्ण. फिट अजून आटोक्यात नसतील किंवा नुकतीच गोळी बदलली असेल तर टाळावे.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेले. पोट, हर्निया, सिझेरियन, मणका, गुडघा यांच्या ऑपरेशननंतर सर्जनने स्पष्ट होकार दिल्याशिवाय बसू नये. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी विशेष जपावे. पाय फाकवून चढता-उतरताना तो निखळू शकतो.

डाउन सिंड्रोम असलेली मुले. यांच्यापैकी काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यामुळे मानेची तपासणी झाल्याशिवाय घोड्यावर बसवू नये. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी घोड्यावरचा व्यायाम उपचार म्हणून वापरतात हे खरे आहे. पण तो प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखाली होतो. सहलीतल्या फेरीने तो फायदा मिळत नाही.

दारू प्यायलेले. फार्महाऊसवरच्या बेतात हे घडते. तोल आणि विचार दोन्ही ढळलेल्या माणसाला कोणीही आग्रह करू नये.

लहान मुलांचे काय?

सहा वर्षांखालच्या मुलाला घोड्यावर एकटे बसवू नये असे माझे मत आहे. त्या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते आणि धक्का बसल्यावर तोल सावरता येत नाही. मोठ्यांनी मूल पुढ्यात घेऊन बसणे सुरक्षित वाटते, पण दोघे पडले तर मोठ्याचे सगळे वजन मुलावर येते. मोठ्या मुलांसाठी डोक्याच्या मापाचे हेल्मेट, एका बाजूला घोडेवाला आणि दुसऱ्या बाजूला घरातला माणूस, आणि संथ चाल, एवढे पाळावे. मूल रडत असेल तर उतरवावे. किंचाळण्याने घोडाही घाबरतो.

बसण्यापूर्वी काय तपासावे?

- हेल्मेट: घोडेस्वारीचे हेल्मेट सर्वांत चांगले. ते नसेल तर सायकलचे चालेल. दुचाकीचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट जड असते आणि बाजूचे नीट दिसू देत नाही. तरी उघड्या डोक्यापेक्षा ते बरे. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा.
- पाय: छोटी टाच असलेले बंद बूट हवेत. चप्पल किंवा सँडल असेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि पडल्यावर अडकून माणूस फरफटत जातो. रिकिबीत पावलाचा फक्त पुढचा भाग ठेवावा.
- कपडे: ओढणी, स्कार्फ, साडीचा पदर आवरून बांधावा. मोबाइल खिशात ठेवावा. घोड्यावरून सेल्फी घेऊ नये.
- हात: लगाम किंवा दोरी हाताला, बोटांना कधीही गुंडाळू नये. घोड्याने हिसका दिल्यास बोट तुटू शकते.
- घोडा: लंगडत असेल, पाठीवर जखमा असतील किंवा कान मागे पाडून उभा असेल तर बसू नये. खोगिराचा तंग घट्ट आहे का ते घोडेवाल्याला पाहायला सांगावे.
- वजन: खोगिरासह ओझे घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावे असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाने लहान चणीच्या घोड्यावर बसू नये. ते मुक्या प्राण्यावर अन्यायाचे आहे आणि थकलेला घोडा ठेचकाळतोही.

घोड्याच्या मागून जाऊ नका. त्याला नेमके पाठीमागचे दिसत नाही आणि दचकल्यावर तो लाथ मारतो.

पडल्यास काय करावे?

१. घोडेवाल्याने घोडा लांब न्यावा. पडलेल्याला लगेच उठवून बसवू नये.

२. शुद्ध हरपली असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर हलवू नये. डोके-मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरावी. हेल्मेट ओढून काढू नये.

३. १०८ ला फोन करावा. जागा सांगताना गावाचे नाव, जवळचा फाटा आणि एखादी ठळक खूण सांगावी. टाकवे बुद्रुककडून येताना कान्हे फाट्यावर जुना पुणे-मुंबई महामार्ग लागतो. सुट्टीच्या दिवशी या रस्त्याला गर्दी असते, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा.

४. पाणी, चहा, वेदनाशामक गोळी काही देऊ नये. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे.

ताबडतोब रुग्णालय गाठण्याची लक्षणे: क्षणभर का होईना शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, पडल्याचे न आठवणे, बोलण्यात गोंधळ, फिट येणे, कान किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव. अशा वेळी सीटी स्कॅनची सोय कुठे आहे हे आधी फोन करून विचारावे. वाटेतल्या दोन दवाखान्यांत थांबत गेल्याने वेळ जातो.

पोटाला लाथ लागली किंवा घोडा अंगावर पडला, तर बाहेर फक्त खरचटलेले दिसते आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, घाम, चेहरा पांढरा पडणे, चक्कर ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे आहेत. ती काही तासांनीही दिसू शकतात.

गरोदर स्त्री पडली असेल तर रक्तस्राव नसला तरी प्रसूतितज्ज्ञांकडे न्यावे. बाळाचे ठोके काही तास पाहावे लागतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनची गरज पडू शकते.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा. मेंदूवर हळूहळू साचणारे रक्त दोन-तीन आठवड्यांनीही त्रास देते. चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, सतत डोकेदुखी सुरू झाली तर "वयामुळे होते" असे न म्हणता पडल्याचा प्रसंग डॉक्टरांना आठवणीने सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फेरीनंतर मांड्या दुखतात. काळजीचे आहे का?
नाही. मांडीच्या आतल्या स्नायूंना सवय नसल्याने एक-दोन दिवस दुखते. मात्र पाय बधिर होणे, पायातली ताकद कमी होणे, जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा लघवीवर ताबा न राहणे ही मणक्यातली नस दबल्याची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.

मला मधुमेह आहे. बसू का?
साखर आटोक्यात असेल तर हरकत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी बसू नका. पायांची संवेदना कमी झाली असेल तर रिकिबीतले पाऊल कळत नाही, म्हणून टाळा.

दम्याच्या रुग्णांनी?
घोड्याच्या केसांची आणि कोंड्याची अ‍ॅलर्जी असू शकते. शिंका, डोळ्यांना खाज किंवा धाप सुरू झाल्यास लांब व्हा. इनहेलर खिशात हवा.

फक्त खरचटले आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन लागते का?
धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत सापडतात. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. माती लागलेली जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर बूस्टर घ्या. आधीचे डोस पूर्ण झाले आहेत की नाही हे माहीत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा.

घोडा चावला तर?
जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लशीची गरज आहे का हे तेच ठरवतील.

निघण्यापूर्वी

चालू औषधांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पडलेला माणूस बोलू शकत नसेल, तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना त्या फोटोवरूनच कळते. आणि आजी-आजोबांना खाली थांबायला सांगावे लागले, तर त्यांना एकटे सोडू नका. घोड्याला थोपटणे आणि नातवंडांचे फोटो काढणे यासाठी वर चढावे लागत नाही.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या आजारानुसार निर्णय घेण्यासाठी आपल्या डॉक्टरांशी बोला.