घरदुरुस्तीची हमी व विमा

घरदुरुस्तीची हमी म्हणजे राहत्या घराची दुरुस्ती, वाढीव बांधकाम किंवा नूतनीकरण झाल्यानंतर ठरावीक मुदतीत उघड होणारे दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दूर करण्याची जबाबदारी होय. कंत्राटदार ही जबाबदारी पार पाडू न शकल्यास घरमालकाला भरपाई देणाऱ्या विम्यास काही देशांत गृहहमी विमा म्हणतात. भारतात असा विमा सक्तीचा नाही. त्यामुळे येथील घरमालकाचे संरक्षण मुख्यतः लेखी करार आणि ग्राहक कायदा यांवर अवलंबून असते.

इतर देशांतील पद्धत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०,००० डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या निवासी बांधकामासाठी कंत्राटदाराला सामान्यतः असा विमा घ्यावा लागतो. कंत्राटदार दिवाळखोर झाला, मरण पावला किंवा बेपत्ता झाला, तर मोठ्या दोषांसाठी सहा वर्षे व इतर दोषांसाठी दोन वर्षे हे संरक्षण मिळते.

वऱ्हाडातील परिस्थिती

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर आढळणारी काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असल्यास या हालचालीमुळे भिंतींना तिरप्या भेगा पडतात. जुन्या घराला नवी खोली जोडल्यास दोन्ही पाये कमी-अधिक खचून सांध्यावर चीर पडू शकते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. ते बांधकामात वापरल्यास भिंतींना लोणा लागतो व काँक्रीटमधील सळ्या गंजतात. असे दोष काम संपताच दिसत नाहीत. म्हणून हमीच्या मुदतीत किमान एक पूर्ण पावसाळा व एक उन्हाळा येणे आवश्यक ठरते.

रेरा कायद्याची व्याप्ती

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. मात्र ज्या नूतनीकरणात वा दुरुस्तीत जाहिरात, विक्री किंवा नवे वाटप होत नाही, त्यास कलम ३ नुसार नोंदणीची गरज नसते. स्वतःच्या घराची दुरुस्ती करून घेणाऱ्याला त्यामुळे ही पाच वर्षांची हमी मिळत नाही.

गृहविम्याची मर्यादा

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आग, वीज, भूकंप, वादळ, पूर आदी आपत्तींपासून संरक्षण देते. जमीन खचल्याने झालेले नुकसानही तीत येते. परंतु नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडे, सदोष रचना, निकृष्ट काम वा साहित्य आणि बांधकामातील फेरबदल यांमुळे झालेले खचणे वगळलेले आहे. सिमेंट, फरशी किंवा जलरोधक रसायनाच्या उत्पादकाची हमीही सामान्यतः मालापुरती असते. तो बसवणाऱ्याच्या कामाची जबाबदारी उत्पादक घेत नाही.

करारातील तजवीज

लेखी करारात कामाचे व साहित्याचे वर्णन, हप्त्यांचे टप्पे, वापरावयाच्या पाण्याचा स्रोत आणि दोषदुरुस्तीची मुदत नमूद करता येते. एकूण रकमेचा काही हिस्सा मुदत संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट घातल्यास कंत्राटदार परत येऊन काम करून देईल, याची शक्यता वाढते.

तक्रार निवारण

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा समावेश आहे. तक्रारदार राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नसते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. विलंब झाल्यास त्याचे सबळ कारण द्यावे लागते. करार, पावत्या, तारखेसह छायाचित्रे व अभियंत्याचा अहवाल हे अशा प्रकरणांत उपयुक्त पुरावे ठरतात.