पहिल्या हंगामाची जोखीम कुणाची?

बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगताना आधी घाटावरचं की घाटाखालचं, ते सांगावं लागतं. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद, संग्रामपूर. पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा, जिथं विहिरीला पाणी असूनही ते पिकाला मानवत नाही. माती-पाण्याचा एवढा फरक असलेल्या जिल्ह्यात एकच नवी पद्धत सगळीकडे सारख्या वेगाने रुजावी, ही अपेक्षाच धरू नये. तरी आपल्याकडे दरवर्षी तेच निदान होतं: तंत्रज्ञान तयार आहे, शेतकऱ्यापर्यंत माहिती पोचत नाही. मला ते पटत नाही. माहिती पोचते. गाडं अडतं ते पहिल्या हंगामात बसलेला फटका कुणी सोसायचा, इथं.

हा हिशोब वऱ्हाडात जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस खामगावच्या बाजारातून मँचेस्टरकडे जायचा. सरकारला लांब धाग्याचा कापूस हवा होता. शेतकरी मात्र हळूहळू आखूड धाग्याच्या ‘जरी’ कापसाकडे वळला. तो काटक होता, त्यातून रुई जास्त निघायची, आणि लांब धाग्याला बाजारात त्या मानाने जादा भाव नव्हता. साहेबांच्या कागदपत्रांत हा शेतकऱ्याचा अडाणीपणा ठरला. तो चोख व्यवहार होता.

असाच सावध हिशोब परदेशातही दिसतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास मांडला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांना विचारलं. १९२८ च्या सुमारास आलेलं हे बियाणं १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी स्वीकारलं होतं. बियाण्याची खबर अनेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण मन वळवलं शेजाऱ्याने. आणि सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाने थोड्याच रानात ते पेरून पाहिलं. आपल्याकडचा शेतकरी ‘यंदा एकरभर करून पाहतो’ म्हणतो, ते याहून वेगळं नाही.

सोयाबीनचं उदाहरण घ्या. आज जिल्ह्याच्या खरिपात त्याचाच पसारा सर्वांत मोठा आहे. ते कुण्या एका मोहिमेने आलं नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत रान मोकळं होतं, हरभऱ्याला जागा मिळते, कापसासारखी वेचणीची मजुरी लागत नाही, थ्रेशरने एका दिवसात माल घरात येतो आणि दिवाळीला हातात पैसा असतो. १९९४ मध्ये प्रसारित झालेल्या जेएस ३३५ या वाणाने तर वर्षानुवर्षं राज्य केलं. त्यापायी ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यावाचून गुरं कमी झाली आणि शेणखत आटलं. नवं पीक स्वीकारताना काय हातचं जाणार आहे, हे कुठल्याच मेळाव्यात सांगितलं गेलं नाही.

त्याच सोयाबीनच्या दोन पेरणी पद्धतींची गती पाहिली की मुद्दा उघड होतो. रुंद वरंबा-सरी, म्हणजे बीबीएफ, शास्त्राने उत्तम. वरंब्यावर पीक, दोन्ही बाजूंना सरी. पावसाने ताण दिला तर ओल टिकते, झड लागली तर पाणी निघून जातं, बियाणंही वाचतं. पण त्याला वेगळं यंत्र लागतं. वापसा आला की गावातल्या प्रत्येकाला त्याच तीन-चार दिवसांत पेरायचं असतं. यंत्र एक आणि मागणारे पन्नास. ट्रॅक्टरवाल्याला एकरावर पैसे मिळतात, तो सावकाश चालणारं औजार कशाला जोडेल? पट्टापेरीचं तसं नाही. घरच्याच पेरणीयंत्राची एक नळी बंद करायची, सहा तासांनंतर एक तास रिकामा सोडायचा आणि डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या तासात सरी काढायची. खर्च दोरीचा. फवारणीला आत शिरायला वाट मिळते आणि सापाचं भयही कमी. जमलं नाही तर पुढच्या वर्षी नळी पुन्हा उघडता येते. मागे फिरायची सोय असली की माणूस पाऊल टाकतो.

२०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारी ढिगाने आल्या. त्यानंतर घरचं बियाणं राखण्याकडे आणि उगवण तपासण्याकडे लोकांचं लक्ष गेलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, आठवड्याने मोजायचे, सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं. फुकटची परीक्षा, निकाल डोळ्यांसमोर.

गुलाबी बोंडअळीपुढे मात्र शेजाऱ्याचं पाहून शिकण्याचा मार्गही थिटा पडतो. २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस काही वर्षांत वणव्यासारखा पसरला. त्याच्या पाकिटासोबत पूर्वी वेगळी येणारी बिगरबीटीची १२० ग्रॅमची पुडी मात्र पुष्कळ ठिकाणी बांधावरच राहिली. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस, घेऊ नका, हा सल्लाही तसाच. मी फरदड मोडली आणि बांधाला बांध लागलेल्याने ठेवली, तर अळी माझ्याकडे येणारच. फायदा गावाचा आणि तोटा एकट्याचा, अशा गोष्टी एकेकट्याच्या शहाणपणावर सोडून चालत नाही. तिथं गावानेच ठरवावं लागतं.

देऊळगाव राजा भागात शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन वाढलं, त्यामागे शेजारचं जालना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथं महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव झालं. मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन करताना नर-मादीचं बियाणं कंपनी देते, मालाची खरेदी आधी ठरते, शेडनेटला अनुदान मिळतं. पहिल्या हंगामाचं ओझं इथं वाटलं जातं, म्हणून दहा गुंठ्यांवालाही धाडस करतो. तरी पूर्ण नाही: उगवण आणि शुद्धतेच्या चाचणीत माल नापास झाला की सगळा भार पुन्हा शेतकऱ्यावर, आणि चाचणी होईपर्यंत पैशाची वाट पाहावी लागते. करारात या टप्प्यासाठी काही तरतूद असायला हवी.

या बीजोत्पादनातलं सर्वांत नाजूक काम, कळी उमलण्याआधी पुंकेसर काढणं आणि नंतर परागकण लावणं, बहुतेक बाया करतात. कळी कोणत्या दिवशी खुडायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. पण सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असल्याने प्रशिक्षणाच्या यादीत नाव त्याचंच लागतं. शेतीशाळा त्यांच्या कामाच्या वेळा टाळून, त्याच शेडनेटमध्ये भरवायला आणि त्यांनाच शिकवायला उभं करायला काय हरकत आहे?